रिंगणात शहाणा, माळावर गेला की हात ओढतो – काय करावं?

पौडखोरं

मंडळी, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या जुन्या धाग्यावर घोडे पाळणारे आणि बसणारे बरेच जण दिसले होते, म्हणून इथे विचारतोय.

घोडा थरोब्रेड, खच्ची केलेला, सात वर्षांचा, ६४ इंची. रेसमधून निवृत्त झालेला. गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे आहे, मुळशीच्या बाजूला एका तबेल्यात ठेवलाय. कुंपणाच्या रिंगणात त्याच्यावर कुणालाही बसवा. दुडकी सुरेख, कँटर (संथ धाव) हलकी, नुसतं श्वास सोडून जड बसलं की थांबतो.

बाहेर काढला की पहिला थोडा वेळ ठीक जातो. भातखाचरं संपून मोकळा माळ लागला की मान लांब करून बिटवर (तोंडातल्या लगामाच्या कडीवर) जो टेकतो, तो माझे खांदे उखडून काढेपर्यंत. दुडकीची कँटर होते, कँटरची भरधाव. बुजत नाही, लाथा झाडत नाही, पाडायला बघत नाही. फक्त थांबत नाही. बरोबर दुसरा घोडा असला की जास्त, आणि तोंड तबेल्याकडे वळलं की विचारू नका.

सध्या साधं स्नॅफल (सौम्य बिट) आहे. तबेल्यातले लोक दोन सल्ले देतात. एक, कडक बिट घाल. एकाने तर काटेरी लगाम आणूनच दाखवला. दुसरा, रोज तासभर पळवून दमव, आपोआप गार पडेल. दोन्ही पटत नाहीत, पण दुसरं सुचतही नाही.

खुराक: सकाळ-संध्याकाळ ओट आणि भिजवलेले हरभरे, रात्री गवत आणि कडबा. मी शनिवार-रविवारी बसतो, मधल्या दिवसांत साईस हाताने फिरवून आणतो.

बटाटेवडा

शीर्षक वाचून माझ्या दहावीतल्या मुलाबद्दल वाटलं. वाचतोय, चालू द्या.

खरारा

पौडखोरं, घोडा तुमचं ऐकतोय. तुम्ही त्याच्याच भाषेत त्याला 'पळ' म्हणताय.

मी बरीच वर्षं रेसच्या तबेल्यांतून काम केलं आहे, पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई. तिथे सकाळच्या कामाला राइडिंग बॉय काय करतो ते बघा. रिकिबी आखूड, बूड खोगिराच्या वर, अंग पुढे. दोन्ही लगाम एकावर एक घेऊन मानेवर त्यांचा पूल करतो आणि घोडा त्या पुलावर टेकून पळतो. म्हणजे तोंडावर एकसारखा ताण आला की टेकायचं आणि लांब टांगा टाकायच्या, हे तो दोन वर्षांचा असल्यापासून शिकलाय. काम संपलं की बॉय सरळ उभा राहतो, लगाम लांब सोडतो, आणि घोडा हळूहळू उतरतो.

आता माळावर तुम्ही घाबरून लगाम आखूड करता, अंग पुढे जातं, आणि एकसारखं ओढत राहता. तिन्ही खुणा 'चल'च्या. रस्सीखेचीला दोन बाजू लागतात. तुमच्या बाजूला सत्तर किलो, त्याच्या बाजूला साडेचारशे. त्याला ती दुसरी बाजू देऊ नका.

करायचं ते असं. धरा आणि सोडा. एका टांगेपुरतं धरायचं, पाठ ताठ, मांड खोल, पोटऱ्या हलक्या लागलेल्या. आणि त्याने उत्तर द्यायच्या आत सोडायचं. परत धरायचं, परत सोडायचं. सोडणं हाच त्यातला अवघड भाग, कारण भीती वाटते तेव्हा बोटं उघडत नाहीत. हे माळावर शिकवायला जाऊ नका. रिंगणात कदमावर (साध्या चालीवर) सुरू करा, मग दुडकी, मग रस्त्यावर. माळ सगळ्यात शेवटी.

तापीकाठ

काय भो, एवढं पुराण कशाला? आमच्याकडे शहादा-दोंडाईचा पट्ट्यात पोरं काठेवाडी, मारवाडी घोड्यांवर वरातीतून नाचत जातात, डीजे कानाशी, फटाके पायाशी. साध्या कडीवर ती घोडी राहतील का? काटेरी लगाम आजोबांपासून वापरतोय. हात हलका असला की घोड्याला काही होत नाही. घोडा आवरला नाही आणि माणूस मेला तर ते दयाळू स्नॅफल काय कामाचं?

डॉ_टाच

मी पशुवैद्य आहे, काम मुख्यतः घोड्यांचंच. तापीकाठ, तुमच्या शेवटच्या वाक्यात दम आहे, त्यावर येते. पण काटेरी लगामाबद्दल आधी: १९६५ च्या ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या क्रूरता-प्रतिबंधक नियमांत, आठव्या नियमाने, बसण्यासाठी किंवा हाकण्यासाठी काटे, गाठी, टोकं असलेलं बिट वापरायला मनाई आहे. म्हणजे आजोबांच्या काळातच ते बेकायदा झालं. आणि 'काही होत नाही' हे तोंड उघडून बघितल्यावर बोला. बिट बसतं ती जागा म्हणजे पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली उघडी हिरडी. तिच्याखाली लगेच जबड्याचं हाड, मध्ये मांस जवळजवळ नाहीच. मी तिथे जुने व्रण, चिरलेल्या जिभा, हाडाला आलेल्या गाठी पाहिल्या आहेत. असा घोडा एकतर दुखण्यापासून पळतो, म्हणजे अजून जोरात. नाहीतर जीभ-जबडा बधिर करून घेतो आणि मग पुढचं, त्याहून तीक्ष्ण बिट लागतं.

पौडखोरं, बिट बदलण्याआधी दात तपासून घ्या. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजत राहतात. वरच्या दाढांना बाहेरच्या बाजूला, गालाकडे, आणि खालच्यांना आतून, जिभेकडे, धारदार कडा येतात. वर्षातून एकदा तरी त्या घासून घ्याव्या लागतात. पहिल्या दाढेच्या पुढे कधी कधी एक छोटा 'वुल्फ टूथ' असतो, बिट त्याच्यावर आपटतं. रिंगणात तुम्ही हलका हात ठेवता म्हणून टोचत नाही. माळावर ओढलंत की टोचतं.

मग पाठ. खोगीर आधी कोणत्या घोड्याचं होतं? रेसमधून आल्यावर या घोड्यांचं अंग सहा-आठ महिन्यांत पूर्ण बदलतं, खांद्यांमधल्या उंचवट्याच्या मागचा भाग भरतो, आणि दिवाळीत बसलेलं खोगीर आता चिमटत असू शकतं. चिमटणाऱ्या खोगिराखालून घोडा पळून जायलाच बघणार.

तिसरं पोट. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं, खाल्लं असो वा नसो. निसर्गाने त्याला सतत चरणारा केला आहे. तुम्ही गवत फक्त रात्री देताय. म्हणजे सकाळच्या ओटनंतर संध्याकाळपर्यंत रिकामं पोट, त्यात कँटर, त्यात आम्ल उसळून वरच्या भागाला लागणार. रेसच्या घोड्यांत जठराचे व्रण अतिशय सर्रास सापडतात आणि निवृत्तीबरोबर ते आपोआप जात नाहीत. तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना दात विचकतो का, चावायला बघतो का? असेल तर एंडोस्कोपी करून घ्या. ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

खुराकाचा हिशोब: साडेचारशे किलोच्या घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे सात ते नऊ किलो, आणि तो दिवसभरात विभागून. बसण्याआधी किलोभर गवत किंवा थोडा लसूणघास खाऊ द्या, जठरात गादी तयार होते. ओट आणि हरभरे निम्म्यावर आणा. आठवड्याचे पाच दिवस उभा राहणाऱ्या घोड्याला रेसचा खुराक देणं म्हणजे शनिवारी तुमच्याच अंगावर येणार. शिवाय सुट्टीच्या दिवशी पूर्ण दाणा आणि दुसऱ्या दिवशी एकदम काम, यातून मांड्यांचे स्नायू लाकडासारखे जखडतात, लघवी काळपट होते; साहेबांच्या काळापासून त्याला 'मंडे मॉर्निंग' म्हणतात. तो जिवावर बेततो.

अवांतर: कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला नको. वाळलेला कडबा चालेल.

तापीकाठ

दातांचं माहीत नव्हतं डॉक्टर. बाकी वरातीच्या घोडीचं काय करायचं ते सांगा, नुसतं बेकायदा म्हणून भागत नाही.

डॉ_टाच

वरातीत डीजेपाशी घोडी नेऊच नये, हे माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

लीड्सची_लेक

माझं माहेर सातारा, आता यॉर्कशायर. इथे घोडा बाहेर फिरवायला काढणं हेच बहुतेकांचं घोडेस्वारीचं मुख्य सुख, आणि 'बाहेर गेला की जोर करतो' ही प्रत्येक तबेल्यातली रोजची चर्चा. रेसमधून आलेले घोडे इथेही ढिगाने.

खरारा यांचं शंभर टक्के खरं. फक्त एक भर, जी तापीकाठ यांच्या बाजूची आहे. शिकवायला महिने लागतात आणि त्या काळात माणसाला सुरक्षित थांबता आलं पाहिजे. म्हणून पेलहॅम हे दोन लगामांचं बिट मला चालतं. वरचा लगाम स्नॅफलसारखा, रोजचा. खालचा लगाम हनुवटीखालच्या साखळीवर आणि डोक्यामागे दाब देतो. तो ढिला ठेवायचा, गरज पडली की एकदा लावायचा, घोडा उतरला की त्याच क्षणी सोडायचा. पण हे हात शांत असलेल्याला. घाबरलेल्या हातात पेलहॅम दिलं तर जोर करणारा घोडा मागच्या पायांवर उभा राहायला शिकतो, आणि ते पळण्यापेक्षा फार वाईट. त्याच्याबरोबर उलटे पडण्याला काही इलाज नाही.

बिटशिवायही पर्याय आहेत. साधा जेरबंद (डोकं फार वर जाऊ न देणारा पट्टा) डोकं आभाळात टाकणाऱ्याला उपयोगी, पण पौडखोरं यांचा घोडा मान लांब आणि खाली करतो, तिथे त्याचा काही फायदा नाही. विकत घेण्याआधी घोडा नेमकं कुठे डोकं नेतो ते बघा. दुकानदार सगळंच विकतो.

सोबतीबद्दल: रेसच्या घोड्याच्या शेजारी दुसरा घोडा बरोबरीने धावला की त्याच्या लेखी रेस सुरू झाली. कधीही शेजारी-शेजारी कँटर करू नका. एखादा म्हातारा, कशाचंच काही न वाटणारा तट्टू सोबतीला घ्या, त्याच्यामागे दोन घोड्यांचं अंतर ठेवून फक्त कदम. मग जागा बदला, तुम्ही पुढे. मग परत मागे. तट्टू थांबला की तुम्हीही थांबा, तट्टू वळला की तुम्ही सरळ जा. मागे राहणं आणि एकटं जाणं, दोन्ही कंटाळवाणं वाटेपर्यंत.

जाता जाता: इथे २०२२ पासून वाहतुकीच्या नियमावलीत लिहिलंय की घोड्याशेजारून गाडी ताशी दहा मैलांच्या आत आणि किमान दोन मीटर लांबून न्या. सुट्टीत भुगावच्या रस्त्यावर घोडा घेऊन उभी होते, तेव्हा एका टेम्पोवाल्याने खास माझ्यासाठी हॉर्नची धून वाजवली. :)

दस्तुरी_नाका

आम्ही माथेरानचे, घरात घोडेच. आमचे घोडे दिवसभर दस्तुरी ते बाजार, बाजार ते पॉइंट. कोणत्या वळणावर गिऱ्हाईक पळवायला सांगतं ते घोड्याला गिऱ्हाइकाआधी माहीत असतं. तिथे आला की कान पुढे, पावलं चुरचुर. घोडा जागा लक्षात ठेवतो, हुकूम नंतर.

तुमचा माळ ही त्याची पळायची जागा झालीय. तिथे पळवणं आधी बंद. माळापर्यंत जा, उभा करा, चरू द्या, परत फिरा. अर्ध्यातून परत या. तिथेच गोल फिरा, बाभळीला वळसा, दगडाला वळसा. कधी मधूनच उतरून हाताने चालवा. कधी दुडकी करायचीच तर चढावर आणि दरवेळी नव्या ठिकाणी. घराकडे तोंड असताना कदमाच्या पुढे जायचंच नाही, जन्मात नाही.

आणि तबेल्यात आल्या आल्या खोगीर उतरवून तोबरा देता का? देऊ नका. दारातून परत वळवा, दोन फेऱ्या तिथेच मारा, मग उतरा, बांधा, गार होऊ द्या, पाणी, गवत. दाणा बराच वेळाने. घरी काही पंगत मांडलेली नाही हे कळलं की ओढ निम्मी होते.

पौडखोरं

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तंग आवळताना कान मागे टाकतो आणि हवेत चावतो, हो. मला तो स्वभाव वाटायचा. दातांसाठी पुढच्या आठवड्यात वेळ घेतली आहे.

दोन प्रश्न उरतात. 'दमवणं' पूर्णच चूक का? आणि एवढं सगळं करून समजा एक दिवस निघालाच भरधाव, तर त्या क्षणी काय करायचं?

खरारा

दमवायला गेलात की त्याचा दम वाढतो. हा घोडा ताशी साठ किलोमीटरने पळायला घडवलेला आहे. रोज पळवलात तर महिन्याभरात तुम्ही त्याला फुकटात परत रेसच्या तयारीला आणाल. काम वाढवा, वेग नको. आठवड्यातून दोन दिवसांऐवजी पाच दिवस कोणीतरी बसलं पाहिजे, चढ-उताराच्या वाटेवर दीड-दोन तास कदम आणि संथ दुडकी. आणि उरलेला वेळ कोठीत नको. तबेल्यात मोकळं कुंपण असेल तर रोज काही तास दुसऱ्या घोड्याबरोबर सोडा. दिवसाचे बावीस तास चार भिंतींत उभा असलेला प्राणी बाहेर काढल्यावर शांत चालावा ही अपेक्षाच मला चमत्कारिक वाटते.

वाटेवर डोकं गुंतवून ठेवा. दहा पावलं कदम, दहा दुडकी, थांब, दोन पावलं मागे, परत कदम. रस्त्याच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला पोटरीने तिरका सरकवा. खांदा थोडा आत घेऊन चालवा. वाकलेल्या घोड्याला दोन्ही बाजूंनी बिटवर टेकता येत नाही, सरळ घोड्यालाच येतं.

आता भरधावचं. पहिलं, पुढे झुकू नका. टाचा खाली आणि थोड्या पुढे, खांदे मागे, नजर वर. मोकळं आणि सपाट असेल तर मोठ्ठा गोल घ्या आणि तो हळूहळू लहान करत आणा. एकदम एका लगामाने डोकं गुडघ्याशी ओढायचं ते व्हिडिओत दाखवतात, ते कदमावर किंवा दुडकीत; भरधाव घोड्याचं डोकं झटक्यात वळवलंत तर पाय गुंततात आणि दोघे खाली. पावसाळ्यात कातळावर तर नक्कीच.

वाट अरुंद असेल, वळायला जागा नसेल, तर एक लगाम आखूड करून ती मूठ आयाळीवर घट्ट रोवायची, हलू द्यायची नाही. दुसऱ्या हाताने वर आणि मागे एक जोरदार ओढ, लगेच सोड, परत ओढ, परत सोड. घोड्याच्या टांगेच्या तालात. हे हत्यार रोजचं नाही. पण रिंगणात कदमावर दोन-चारदा करून हाताला सवय लावून ठेवा.

आणि गळ्यात एक साधा पट्टा बांधा, जुन्या रिकिबीचा चालेल. तोल गेला की बोटं त्यात घालायची, लगामावर लोंबायचं नाही. रेसच्या तबेल्यात तरबेज पोरंही तो धरतात, लाज वाटायचं कारण नाही.

डॉ_टाच

हेल्मेट कोणतं आहे ते सांगा. मोटरसायकलचं चालणार नाही, जड असतं आणि मान अडकते. घोडेस्वारीचंच हवं, आत एएसटीएम एफ ११६३ किंवा ईएन १३८४ असं काही छापलेलं. एकदा जोरात आपटलं की बाहेरून धड दिसलं तरी फेकून द्या. मोबाइल अंगावर ठेवा, खोगिराच्या पिशवीत नको. घोडा घरी गेला की मोबाइलही जातो.

बटाटेवडा

दहावीतल्या मुलाला यातलं अर्धं लागू पडतंय. दाणा निम्मा, मोकळीक जास्त. वाचनखूण साठवली.

पौडखोरं

उशिरा लिहितोय, पण धागा अर्धवट सोडायचा नव्हता.

दातांच्या डॉक्टरांना उजव्या बाजूला वरच्या पहिल्या दाढेला लांब टोक सापडलं, गालाला आतून जखम. घासून घेतलं. एंडोस्कोपीत जठराच्या वरच्या भागात व्रण निघाले, औषध चालू आहे. गवत आता दिवसातून चार वेळा, जाळीच्या पिशवीत, म्हणजे सावकाश खातो. ओट कमी केले, हरभरे जवळपास बंद. तंग आवळताना चावणं थांबलंय. खोगिराखाली तात्पुरता पॅड बदललाय, नवीन खोगिराचे पैसे जमवतोय.

मधल्या दिवसांत तबेल्यातलीच एक मुलगी बसते, तिचे हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. माळावर आम्ही दस्तुरी नाका यांच्या पद्धतीने जातो: पोचायचं, चरायचं, बाभळींना वळसे घालून परत. कदम आणि दुडकी पूर्ण हातात आली आहे. पेलहॅम घेतलं नाही, स्नॅफलच आहे. कँटर फक्त चढावर, तट्टूच्या मागे. तिथे अजूनही पहिल्या दहा-वीस टांगा टेकतो, मग धरा-सोडा केल्यावर हलका होतो. परवा मात्र समोरून अचानक जेसीबी आला आणि तट्टूच पळाला! आमचा मागोमाग. मूठ आयाळीत, दुसऱ्या हाताने ओढ-सोड, बांधाच्या अलीकडे थांबला. तट्टू थेट तबेल्यात सापडला.

एकच अडचण. घराकडे येताना कदम ठेवतो, पण सगळी वाट आडवा आडवा, खेकड्यासारखा नाचत. लगाम लांब सोडला की जास्त नाचतो, धरला की टेकतो.

दस्तुरी_नाका

परत येताना एकाच वाटेने येता का? गोल वाट धरा, म्हणजे घर नेमकं कुठल्या बाजूला ते त्याला शेवटपर्यंत कळू नये. नाचायला लागला की थांबवू नका, उलट फिरवा, घराच्या विरुद्ध दिशेला पन्नास पावलं. शांत चालला की घराकडे. परत नाचला, परत उलट. पहिल्या दिवशी अंधार पडेल, वेळ काढून जा.

लीड्सची_लेक

आणि नाचताना त्याला तिरका जायचंच आहे ना, मग तुम्हीच सांगा कुठे तिरकं जायचं. डाव्या पोटरीने उजवीकडे, चार पावलं, मग उजव्या पोटरीने डावीकडे. काम लागलं की नाच संपतो. जेसीबीचा सराव तबेल्याच्या बाहेर, तो बंद उभा असताना करून घ्या, चालकाला चहा पाजून.

तापीकाठ

भो, दात दाखवून आणले आमच्या दोन्ही घोड्यांचे. लगाम बदलायचा विचार चालू आहे, एकदम नाही. साधी जाड कडी धुळ्यात कुठे मिळते कुणाला माहीत आहे का? पाच इंची लागेल.

खरारा

आधी तोंडाची रुंदी मोजा. सुतळीला गाठ मारून तोंडात आडवी धरायची, दुसऱ्या बाजूच्या ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, आणि वर पाव इंच धरायचा. काठेवाडी घोडीला पाच इंच मोठं पडेल बहुतेक. आणि जाड म्हणजे चांगलं असं दरवेळी नसतं, छोट्या तोंडात जाड कडी मावत नाही. माप टाका इथे, मग सांगतो.